घरच्या घरी विमान आणि अवकाश : या चुका टाळा

सुट्टी लागली की सोलापुरातल्या आमच्या गल्लीत कागदी विमानं सुरू होतात. 2025 मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून पुन्हा प्रवासी विमानं उडायला लागली, तेव्हापासून तर पोरांची मान सारखी वरच असते. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण दरवर्षी त्याच त्या चुका बघून आता लिहायला बसलोय. त्यातल्या बहुतेक चुका मोठी माणसं करतात, आणि घाईपायी करतात.

विमान पडलं की नवा कागद घेणं

पहिलं विमान नाकावर आपटतं. बाबा म्हणतात, "हे डिझाइनच बेकार आहे," आणि मोबाइलवर दुसरा व्हिडिओ लावतात. तासाभरात घरभर कागद होतो, पण पोराला काहीच कळलेलं नसतं. अहो, पडलेलं विमानच तर शिकवतं! ते कसं पडलं ते आधी बघा.

सरळ नाक खाली करून जात असेल, तर दोन्ही पंखांच्या मागच्या कडा अगदी थोड्या वर वळवा. नाक वर करून क्षणभर थांबत असेल आणि मग धपकन पडत असेल, तर तो स्टॉल. नाक फार वर गेलं की वेग मरतो, पंखाच्या वरच्या बाजूने हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल कमी होते. खऱ्या विमानातही हेच घडतं. अशा वेळी नाकाला एक पेपरक्लिप लावा. एकाच बाजूला वळत असेल, तर विमान समोरून डोळ्यांच्या रेषेत धरा. एक पंख बहुतेक वेळा खाली झुकलेला दिसेल.

एका वेळी एकच बदल करायचा. मी तो पेन्सिलीनं विमानाच्या पंखावरच लिहायला लावतो: "क्लिप लावली", "उजवी कड वर". पोरं कुरकुरतात, पण दुसऱ्या दिवशी तोच पंख वाचून पुढे जातात. जोरात फेकायची गरज नाही, हलक्या हातानं समोर सोडा. आणि पंखा बंद करा. मेमध्ये दुपारी ते शक्य नसतं, म्हणून हा खेळ सकाळी सहाला.

शून्य सावली बरोबर बारा वाजता शोधणं

यावर मी फार वेळा भांडलोय. सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य थेट आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते: 10-11 मेच्या आसपास आणि 2 ऑगस्टच्या आसपास. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेल्या दिल्लीकरांना हे कधीच बघायला मिळत नाही.

ओळखीतल्या एका अपार्टमेंटच्या गच्चीवर एका मे महिन्यात सगळे जमले. बाराच्या ठोक्याला काठी उभी केली. मीटरभर काठीला वीतभर नाही, पण चांगली चार बोटांहून जास्त सावली. "काका, सावली तर हाय की!" एका पोरानं ओरडून सांगितलं. दहा मिनिटांत मोठी मंडळी "व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही येतं" म्हणत खाली गेली, पोरंही पांगली. दोन मुली तेवढ्या थांबल्या. मी त्यांना दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायला सांगितलं होतं. बारा वाजून वीस मिनिटांनंतर सावली काठीच्या बुडाशी शिरली. त्या धावत सगळ्यांना बोलवायला गेल्या. लोक चपला शोधून वर येईपर्यंत सावली दुसऱ्या बाजूला, पूर्वेकडे, बाहेर पडली होती.

आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर चालतं आणि सोलापूर 76 अंशांच्या किंचित अलीकडे आहे. दर अंशाला चार मिनिटं धरली की आपली खरी दुपार सव्वीसेक मिनिटं उशिरा येते. त्यात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, म्हणून मेमध्ये ती वेळ 12:23 च्या आसपास येते, तर ऑगस्टमध्ये 12:33 च्या. साडेअकरालाच खुणा सुरू करा आणि काठी ओळंब्यानं सरळ करा. गवंड्याकडचा ओळंबा मागा, नाहीतर दोऱ्याला नट बांधा.

सूर्याकडे "जरा" बघणं

एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, परातीतलं पाणी यांपैकी काहीच चालत नाही. डोळ्याचा पडदा भाजताना दुखत नाही, म्हणून कळतही नाही. 2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. त्यासाठी प्रमाणित ग्रहण-चष्मा घ्या, आणि त्यावर ओरखडा असेल तर तो फेकून द्या. किंवा पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर घ्या. ऑगस्टात ढग असतील, ती तयारी मनाची ठेवा.

पाण्याच्या रॉकेटला कुठलीही बाटली

बाटली कोल्ड्रिंकचीच हवी, कारण ती गॅसचा दाब सोसायला बनवलेली असते. पाण्याची पातळ बाटली फाटते. पाणी पाव ते एक तृतीयांश भरा, उरलेल्या जागेत पंपानं हवा दाबायची. गच्च भरली तर दाबायला हवाच उरत नाही, आणि पाण्याला मागे ढकलून रॉकेटला पुढे नेते ती हवाच. सगळ्यात वाईट सवय म्हणजे रॉकेट अडकलं की वाकून बघणं. आधी पंपाची नळी काढून हवा सोडा, मगच जवळ जा. हे मोकळ्या मैदानात करायचं, गच्चीवर नाही, आणि पंप मोठ्या माणसाच्याच हातात.

बाकीच्या

पहिल्याच दिवशी टेलिस्कोप घेऊ नका. खोक्यावर "शेकडो पट" लिहिलेला स्वस्त टेलिस्कोप अंधूक आणि हलतं चित्र दाखवतो. 10×50 चा (दहा पट मोठं दाखवणारा, 50 मिलिमीटरच्या भिंगांचा) बायनॉक्युलर कठड्याला टेकवून धरला तर गॅलिलिओनं 1610 मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र दिसतात.

विमान का उडतं ते सांगताना "पंखावरची आणि खालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचते" हे सांगणं सोडा, ते चूक आहे. पुठ्ठा तिरका धरून टेबल फॅनसमोर न्या. हवा खाली ढकलली जाते आणि पुठ्ठा वर, हे हाताला कळतं.

पृथ्वी आणि चंद्र शेजारी-शेजारी काढू नका. पृथ्वी एक सेंटीमीटरची काढली, तर चंद्र 30 सेंटीमीटरवर येतो. फूटपट्टीची दोन टोकं!

माळवदावर गेल्या गेल्या तारे दिसत नाहीत म्हणून खाली येऊ नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मधे कुणी मोबाइल काढला की पहिल्यापासून सुरुवात.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक मध्यरात्री शोधू नका. ते सुमारे 400 किलोमीटर उंचीवर आहे आणि सूर्यप्रकाशातच चमकतं, म्हणून ते सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी, आपल्याकडे अंधार आणि तिकडे ऊन असतानाच दिसतं. लुकलुकत असेल तर ते विमान. आकाशात मधेच विझलं, तर ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं असं समजा. पुढची फेरी दीड तासानं असते, पण संध्याकाळी पाहिलं असेल तर तोवर बहुधा तिथलं ऊन गेलेलं असतं. तेव्हा पोरांना जागवत बसू नका, नासाच्या "स्पॉट द स्टेशन" अ‍ॅपमध्ये उद्याची वेळ बघा.