इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायचं कसं

रोजच्या बोलण्यातला एखादा छोटासा शब्द घ्या, म्हणजे आपण 'डे' घेऊ. आधी त्याचं जुन्यात जुनं रूप बघायचं, आजच्या स्पेलिंगवर अजिबात जायचं नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत (पहिला भाग १८८४, शेवटचा १९२८) प्रत्येक अर्थाखाली जुनी लिखित वाक्यं सालासकट असतात, आणि फुकटात हवं असेल तर डग्लस हार्परची ऑनलाइन एटिमॉलॉजी (म्हणजे शब्दांच्या मुळाची) डिक्शनरी मस्त आहे. मग शेजारच्या भाषा बघा. जर्मनमध्ये 'टाग', डचमध्ये 'डाख', म्हणजे हा शब्द जर्मॅनिक घरातलाच (इंग्रजी, जर्मन, डच या भाषांचं कुटुंब), १०६६ मध्ये फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंचमधून आलेल्यांपैकी नाही.

आता खरी गंमत. लॅटिनमध्ये 'दिएस', आपल्याकडे 'दिवस', मग 'डे' पण त्यातलाच असणार असं कोणालाही वाटेल. पण नाहीये! नुसतं सारखं ऐकू येणं हा पुरावा नाही, आवाज नियमाने बदललाय का ते तपासायचं. याकोब ग्रिम या जर्मन भाषा-अभ्यासकाने १८२२ मध्ये जो नियम मांडला त्यानुसार संस्कृतातल्या 'द' च्या जागी इंग्रजीत सहसा 'ट' येतो, बघा ना, दंत आणि टूथ, दश आणि टेन, द्वि आणि टू. म्हणजे दिवसाचा इंग्रजीतला खरा नातलग 'ट' ने सुरू व्हायला हवा, आणि तो आहे, 'ट्यूजडे' मधला 'ट्यूज'! टीव नावाचा जुना जर्मॅनिक देव होता, त्याचं नाव आणि आपला 'देव' शब्द मुळात एकच, आणि चमकणे या अर्थाच्या ज्या धातूवरून देव आला त्यावरूनच दिवस पण. म्हणजे ट्यूजडेमधला पहिला तुकडा आपल्या दिवसाचा भाऊबंद आणि 'डे' मात्र परका. मला तर हे कितीही वेळा वाचलं तरी भारी वाटतं.

अर्थाचाही माग काढा, कारण तो पार उलटा होऊ शकतो. 'नाइस' लॅटिनमधल्या अडाणी या अर्थाच्या शब्दापासून आलाय आणि इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख असा होता.

आणि आद्याक्षरांच्या गोष्टींवर पटकन विश्वास ठेवू नका. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची पहिली अक्षरं असं सगळीकडे फिरतं, पण तो साधा 'न्यू' चा अनेकवचनी वापर आहे. रडार, लेझर असे आद्याक्षरांचे शब्द विसाव्या शतकातले, त्यामुळे शब्द त्याहून बराच जुना असेल आणि कोणी त्याचा फुलफॉर्म सांगत असेल तर आधी डिक्शनरीतलं साल बघा.