सीमेपलीकडच्या हरित प्रकल्पाला युरोपचा निधी मागताय? या चुका टाळा

ऱ्हाइन नदीच्या एका काठावर जर्मनीतलं केल, समोरच्या काठावर फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. केलच्या पोलाद कारखान्यातली बरीच उष्णता वाया जाते आणि स्ट्रासबुर्गला हिवाळ्यात घरं उबदार ठेवायला उष्णता लागते. ही वाया जाणारी उष्णता पाइपातून नदीपार न्यायची आणि शहराच्या हीटिंग नेटवर्कला जोडायची, असा प्रकल्प दोन्ही बाजूंनी मिळून आखला, त्यासाठी संयुक्त कंपनीही काढली. युरोपच्या प्रादेशिक निधीला सीमेपलीकडचा हरित प्रकल्प कसा हवा असतो, हे सांगताना मी नेहमी हेच उदाहरण देते. माल एका देशात, गरज दुसऱ्या देशात. एकट्या फ्रान्सला किंवा एकट्या जर्मनीला हे काम करताच आलं नसतं.

हा निधी म्हणजे इंटररेग. १९९० साली सुरू झाला, सध्या २०२१ ते २०२७ ही सहावी फेरी चालू आहे आणि सगळे कार्यक्रम मिळून रक्कम सुमारे १० अब्ज युरो आहे. पैसा मुख्यतः युरोपीय प्रादेशिक विकास निधीतून येतो, पण प्रत्येक सीमापट्ट्याचा कार्यक्रम वेगळा, सचिवालय वेगळं आणि नियमपुस्तिकाही वेगळी. कार्ल्सरूह, आखेन, बाझल, ग्योटेबोर्ग अशा ठिकाणी विद्यापीठांत, नगरपालिकांत किंवा छोट्या कंपन्यांत काम करणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींवर आता या अर्जांची जबाबदारी येते. बहुतेकांना संशोधन निधीच्या अर्जांची सवय असते, आणि नेमकी तीच सवय इथे नडते.

सीमा फक्त नकाशात दिसते

सर्वांत जास्त अर्ज इथेच पडतात. दोन विद्यापीठं ठरवतात की आपापल्या भागातल्या नद्यांचं प्रदूषण मोजायचं. इकडचे लोक इकडे मोजणार, तिकडचे तिकडे, वर्षातून दोनदा भेटून आकडे दाखवणार. विज्ञान उत्तम असतं, तरी परीक्षक विचारतो, 'हे तुम्ही आपापल्या देशाच्या पैशातून का करत नाही?' या प्रश्नाला उत्तर नसेल तर बाकीची पन्नास पानं कितीही चांगली लिहा, गुण मिळत नाहीत.

नियमही स्पष्ट आहे. प्रकल्प एकत्र आखलेला हवा, एकत्र राबवलेला हवा, आणि मनुष्यबळ किंवा पैसा यांपैकी निदान एक गोष्ट सामायिक हवी. 'दोन्ही देशांत हवामानबदलाचं आव्हान आहे' हे वाक्य अर्जात असलं तर खोडा. ते जगातल्या कुठल्याही दोन देशांबद्दल खरं आहे. त्याऐवजी काय अडतं ते लिहा. उदाहरणार्थ: 'नदीच्या वरच्या अंगाला एका देशाचं सांडपाणी केंद्र आहे, खालच्या अंगाला दुसऱ्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी आहेत, दोघांच्या मोजणीच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे धोक्याची सूचना वेळेत पोचत नाही.' एवढं वाचलं की परीक्षकाला अडचण कळते, तोडगा कोणी आणि कुठे काढायचा हेही कळतं.

अशी अडचण तुम्हाला दोन ओळींत मांडता येत नसेल, तर अर्ज लिहायला बसू नका. आधी पलीकडच्या नगरपालिकेत जा, तिथल्या अभियंत्याशी बोला. शिवाय कीप-डॉट-ईयू या सार्वजनिक डेटाबेसमध्ये जुने इंटररेग प्रकल्प सापडतात. तुमच्याच नदीवर आधी कोणी काम केलंय का, ते तिथे बघा. केलेलं असेल तर ते लपवू नका. 'त्यांनी इथपर्यंत आणलं, आम्ही इथून पुढे नेणार' असं लिहिलेला अर्ज जास्त वजनदार वाटतो.

अहवाल लिहून काम संपत नाही

संशोधनाच्या निधीत शोधनिबंध हे फळ असतं. इंटररेगमध्ये मोजलं जातं ते असं: मिळून केलेले प्रायोगिक उपक्रम किती, मिळून तयार केलेले तोडगे किती, आणि त्यातला कुठला तोडगा एखाद्या संस्थेने प्रत्यक्ष वापरात आणला. शेवटच्या मुद्द्यावर विद्यापीठांचे अर्ज घसरतात. तोडगा नगरपालिका वापरणार असेल, तर नगरपालिका पहिल्या दिवसापासून भागीदार हवी. निदान सहयोगी भागीदार (निधीतून पैसे न घेता सोबत असणारी संस्था) म्हणून तरी तिचं नाव आणि पत्र हवं. प्रकल्पाच्या शेवटच्या महिन्यात कार्यशाळा घेऊन 'आता हे वापरा' म्हटलं, तर कोणी वापरत नाही. नगरपालिकेचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक तोवर मंजूर झालेलं असतं.

आकडेही जपून लिहा. दहा तोडग्यांचं आश्वासन देऊन तीन देण्यापेक्षा तीन कबूल करून तीन द्या.

पैसा आधी येत नाही

हे मी सगळ्यांना सांगते, कारण यात खरोखर चांगल्या छोट्या संस्थांचं नुकसान होतं. इंटररेग हा परताव्याचा निधी आहे. आधी खर्च करायचा, बिलं चुकती करायची, अहवाल द्यायचा, मग तपासनीस खर्च तपासतो. सगळ्या भागीदारांचं एकत्र करून लीड पार्टनर, म्हणजे सगळ्यांच्या वतीने प्रकल्प सांभाळणारी मुख्य संस्था, मागणी पाठवतो, सचिवालय पाहतं, पैसे लीड पार्टनरच्या खात्यात येतात आणि तिथून तुमच्याकडे. यात महिने जातात.

समजा तुमच्या संस्थेचा वाटा ३ लाख युरोंचा आहे आणि तुमच्या कार्यक्रमात युरोपचा हिस्सा ६० टक्के. म्हणजे १ लाख ८० हजार परत मिळणार, १ लाख २० हजार तुम्ही स्वतः घालायचे. तीन वर्षांचा प्रकल्प आणि दर सहा महिन्यांनी अहवाल धरला, तर प्रत्येक टप्प्यात साधारण ५० हजार खर्च होतात. पहिल्या टप्प्याचा परतावा हातात पडेपर्यंत दुसरा टप्पाही खर्चून झालेला असतो. म्हणजे कुठल्याही वेळी सुमारे १ लाख युरो तुमच्या गल्ल्यातून बाहेर असणार. एवढी रोकड संस्थेकडे नसेल तर करारावर सही करण्याआधी बँकेशी बोला, किंवा तुमचा वाटा लहान करून घ्या. काही कार्यक्रमांत सुरुवातीला आगाऊ रक्कम मिळते, पण ती गृहीत धरू नका, नियमपुस्तिकेत शोधा. लीड पार्टनर मोठं विद्यापीठ असेल तर त्यांनी ही गोष्ट छोट्या भागीदाराला स्वतःहून सांगायला हवी. भागीदारांची संख्या भरावी म्हणून पाच माणसांची पर्यावरण संस्था ओढून आणायची आणि वर्षभराने तिचे पगार थकायचे, हे फार वाईट आहे.

युरो नसलेल्या देशांतल्या भागीदारांनी आणखी एक पाहावं. स्वीडिश क्रोनर किंवा पोलिश झ्लोटीतला खर्च युरोत बदलताना युरोपीय आयोगाचा मासिक दर लागतो, आणि तोही खर्च तपासणीला दिला त्या महिन्याचा. खर्च केल्याच्या दिवशी काय दर होता, याला अर्थ नाही. मधल्या काळात चलन घसरलं तर तोटा तुमचा. तेवढी फट अंदाजपत्रकात ठेवा.

पगार, टाइमशीट आणि फ्लॅट रेट

तासाचा दर काढायची सोपी पद्धत अशी: कर्मचाऱ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च भागिले १,७२०. खर्च ६८,८०० युरो असेल तर तासाला ४० युरो. हा १,७२० चा आकडा नियमातला आहे, त्यात आपल्या सुट्ट्यांचा हिशेब घालून बदल करायचा नाही. दुसरा मार्ग म्हणजे ठरावीक टक्के वेळ. 'या प्रकल्पावर ५० टक्के' असं कागदावर लिहून दिलं की वेगळ्या टाइमशीटची सक्ती राहत नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तोच माणूस दुसऱ्या प्रकल्पात ६० टक्के दाखवलेला असतो. बेरीज ११० झाली की तपासनीस दोन्हीकडचे कागद मागवतो.

फ्लॅट रेट, म्हणजे बिलांऐवजी ठरावीक टक्क्याने धरलेला खर्च, निवडला असेल तर तो मनापासून स्वीकारा. पगाराच्या ४० टक्क्यांत बाकी सगळा खर्च, हा पर्याय घेतला आणि पगार १ लाख युरो असेल, तर ४० हजार खर्च म्हणून धरले जातात, एकही बिल न दाखवता. पण मग आपल्या कर्मचाऱ्याचं हॉटेलचं बिल बाह्य सेवांच्या रकान्यात घालता येत नाही. तो दुहेरी दावा ठरतो आणि कापला जातो. यंत्रसामग्री महाग असेल तर हा पर्याय तुमच्यासाठी नाही; त्या वेळी कार्यालयीन खर्चाला पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंतचा दर घ्या आणि यंत्रं प्रत्यक्ष बिलांवर दाखवा.

हरित आहे म्हणून सूट नाही

प्रकल्पाचं नाव हरित असलं तरी त्यातून पर्यावरणाला लक्षणीय हानी होत नाही, हे दाखवावंच लागतं. बायोगॅसचं संयंत्र कार्बन वाचवतं, पण त्याचं उरलेलं द्रव खत भूजलात नायट्रेट वाढवतं का? नदीकाठची पाइपलाइन पाणथळ जागेतून जाते का? अर्जातल्या या चौकटीत 'लागू नाही' लिहून सोडणं ही मोठी चूक आहे. आणि पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकणारं बांधकाम असेल, तर बदलत्या हवामानात ते तग धरेल का, याचीही तपासणी करावी लागते.

खरेदीबद्दल थोडक्यात. मोठी खरेदी छोट्या तुकड्यांत पाडून निविदा टाळली, तर दंड त्या कंत्राटाच्या २५ टक्क्यांपर्यंत जातो, प्रकरण गंभीर असेल तर १०० टक्क्यांपर्यंत. प्रकल्पात कंपनी असेल तर सरकारी मदतीचे नियम लागतात. किरकोळ मदतीची (वेगळ्या मंजुरीशिवाय देता येणाऱ्या छोट्या मदतीची) मर्यादा २०२४ पासून तीन वर्षांत ३ लाख युरो आहे आणि त्यात कंपनीला इतर ठिकाणांहून मिळालेली मदतही मोजतात. अशा मदतीचा लेखी तपशील कंपनीकडून अर्जाच्या वेळीच घ्या. आणि निधीचं बोधचिन्ह असलेलं ए-थ्री आकाराचं पोस्टर पहिल्याच आठवड्यात दर्शनी भागात लावा, लावल्याचा फोटो ठेवा. प्रसिद्धीचे नियम पाळले नाहीत तर अनुदानाच्या २ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते.

पुण्या-मुंबईतल्या कंपन्या विचारतात, आम्हाला यात भागीदार होता येईल का? युरोपच्या आतल्या सीमांवरच्या कार्यक्रमांत नाही. मात्र फ्रान्सच्या रेयुनियन बेटाचा हिंद महासागर कार्यक्रम वेगळा आहे. २०१४–२०२० च्या फेरीत सहकार्य देशांच्या यादीत भारताचंही नाव होतं.

आता अडकलोच आहोत, तर?

खर्च ठरल्यापेक्षा मागे पडला असेल तर सचिवालयाला लगेच कळवा. कार्यक्रमांना युरोपकडून मिळालेला पैसा ठरावीक वर्षांत वापरावा लागतो, नाहीतर तो परत जातो. त्यामुळे सचिवालयाचं तुमच्या खर्चाच्या आलेखाकडे लक्ष असतंच. कारण आणि नवं वेळापत्रक घेऊन स्वतः गेलात, तर बदल मंजूर होण्याची शक्यता चांगली असते.

भागीदार मधेच बाहेर पडला तर पहिला प्रश्न असा: सीमेच्या दोन्ही बाजूंना अजून भागीदार उरलेत का? उरले असतील तर काम वाटून घेता येतं. नसतील तर त्याच बाजूचा बदली भागीदार शोधेपर्यंत नवे करार थांबवा. बाहेर पडणाऱ्याने तोवर केलेल्या खर्चाचे मूळ कागद जाण्याआधी ताब्यात घ्या.

तपासनीसाने खर्च कापला तर कारण लेखी मागा. पुष्कळदा खर्च योग्य असतो, फक्त सही केलेलं इतिवृत्त किंवा बँकेची नोंद जोडायची राहिलेली असते, आणि तो खर्च पुढच्या अहवालात पुन्हा मांडता येतो. या फेरीतला खर्च ३१ डिसेंबर २०२९ पर्यंतच ग्राह्य आहे. तुमच्या प्रकल्पाची मुदत बहुधा त्याच्याही बरीच आधी संपते, म्हणून अशी राहिलेली बिलं शेवटच्या अहवालासाठी साठवू नका.

प्रकल्प संपल्यावर फायली टाकून देऊ नका. शेवटचा हप्ता ज्या वर्षी मिळाला, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून पाच वर्षं सगळे कागद जपावे लागतात. निधीतून काही उभारलं असेल, तर तेही साधारण पाच वर्षं त्याच कामासाठी वापरात ठेवावं लागतं. प्रकल्पावरची माणसं तोवर नोकऱ्या बदलतात. म्हणून फायली कुठे आहेत आणि कोणाच्या ताब्यात आहेत, हे भागीदारी करारातच लिहून ठेवा.