मिक्सर, स्टेजबॉक्स आणि लॅपटॉप एकाच स्विचवर: डांटेचं राउटिंग कसं करायचं

हॉलमध्ये व्याख्यान आहे, स्टेजवर चार माइक, एक वक्ता झूमवरून बोलणार आणि रेकॉर्डिंगही हवंय. पूर्वी यासाठी जाडजूड मल्टिकोर केबल ओढायला लागायची. डांटे (लॅनच्या वायरीतून आवाज पाठवायची पद्धत) असलेला मिक्सर आणि स्टेजबॉक्स (स्टेजवर माइक जोडायचा डबा) असेल तर लॅनच्या एका गिगाबिट वायरीतून ४८ किलोहर्ट्झला ५१२ चॅनल जाऊ शकतात आणि ५१२ परत येऊ शकतात, म्हणजे माइक मिक्सरला, मॉनिटर परत स्टेजला, झूम लॅपटॉपवरून मिक्सरला, सगळं एकाच जाळ्यात, लॅनच्या वायरी जिथे जोडतात त्या नेटवर्क स्विचवर. सोपं आहे, फक्त "कुठलाही स्विच चालतो रे" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

वायर कॅट ५ई किंवा ६, लांबी १०० मीटरच्या आत. वायफाय नाही, विषय संपला.

लॅपटॉपवर डांटे कंट्रोलर (राउटिंग करायचं सॉफ्टवेअर, फुकट) आणि डांटे व्हर्च्युअल साउंडकार्ड (लॅपटॉपचा आवाज डांटेला जोडणारं, विकत) टाका. डिव्हाइस दिसत नसेल तर नव्वद टक्के वेळा फायरवॉल आडवा आलेला असतो किंवा कंट्रोलर वायफायला धरून बसलेला असतो. १६९.२५४ ने सुरू होणारे आयपी पत्ते बघून घाबरू नका, पत्ते वाटायला राउटर नसला की डिव्हाइस स्वतःच तसे घेतात, हाताने काही भरू नका.

राउटिंगच्या (कुठला आवाज कुठे जाणार ते ठरवण्याच्या) आधी डिव्हाइसना आणि चॅनलना नावं द्या. आधी म्हणजे आधीच! डांटेत जोडणी नावावर असते, त्यामुळे पाठवणाऱ्या डिव्हाइसचं नाव नंतर बदललंत की ऐकणाऱ्याला ते सापडत नाही आणि आवाज गायब. फायदाही आहे, तसाच दुसरा स्टेजबॉक्स आणून त्याला आणि त्याच्या चॅनलना तीच नावं दिली की त्याच्याकडून येणाऱ्या आवाजाचं जुनं राउटिंग आपोआप लागतं.

कंट्रोलरच्या ग्रिडमध्ये वर ट्रान्समीटर (पाठवणारे), डावीकडे रिसीव्हर (ऐकणारे), चौकटीवर क्लिक केलं की हिरवी टिक. सँपल रेट (वरचा ४८ किलोहर्ट्झ तो) सगळीकडे एकच हवा. एका ट्रान्समीटरवरून अनेकांना देता येतं पण एका रिसीव्हर चॅनलला सोर्स एकच, दोन आवाज एकत्र करायचे तर ते काम मिक्सरचं.

आता क्लॉक, म्हणजे सगळ्या डिव्हाइसना एका ठेक्यात ठेवणारी वेळ. मी सगळ्यात जास्त इथेच अडकायचो. टिक हिरवी असते, आवाज येत असतो आणि मग मध्येच टक्, थोड्या वेळाने परत टक्, मग एखादं चॅनल क्षणभर बंद. लोक लगेच माइकची वायर बदलतात, नाहीतर लेटन्सी (आवाज पोचायला ठेवलेला अवधी) १ मिलिसेकंदाची ५ करतात. लेटन्सी वाढवल्याने उशिरा पोचणारे पॅकेट सावरतात, क्लॉकच डळमळत असेल तर काहीही होत नाही.

सगळी डिव्हाइस एकाच क्लॉकवर चालतात. भजनात टाळ वीस जणांच्या हातात असले तरी ठेका पखवाजाचाच, तसं. कंट्रोलरमध्ये क्लॉक स्टेटस उघडा, लीडर एकच दिसला पाहिजे (जुन्या आवृत्तीत त्याला मास्टर म्हणायचे) आणि बाकी सगळे हिरव्या सिंकमध्ये. लीडर डांटे आपणच निवडतं. हवंच असेल तर कायम चालू राहणाऱ्या एकाच डिव्हाइसला, शक्यतो मिक्सरला, प्रेफर्ड लीडर करा. "सेफ्टीसाठी सगळ्यांनाच टिक करून टाक" हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

लीडर बरोबर असूनही टक्-टक् येत असेल तर स्विच बघा. बऱ्याच स्विचमध्ये वीज वाचवायची सोय असते, ग्रीन इथरनेट किंवा ईईई नावाने. ट्रॅफिक कमी दिसला की पोर्ट डुलकी काढतो, क्लॉकचं पॅकेट पोचायला मागेपुढे होतं आणि सिंक सुटतो. ऑफिसच्या फाइल्सना याने काही फरक पडत नाही, आवाजाला पडतो. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल तर प्रत्येक पोर्टवर ते बंद करा. अनमॅनेज्डमध्ये बंद करायची सोयच नसते, म्हणून खोक्यावर ईईई लिहिलेला स्विच स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्याच स्विचवरून हॉलचं इंटरनेट किंवा सीसीटीव्ही जाणार असेल तर क्यूओएस (कुठलं पॅकेट आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) लावा, पॅकेटवरचा डीएससीपी नावाचा आकडा ५६ म्हणजे क्लॉक, तो सगळ्यात वर, त्याखाली ४६ म्हणजे आवाज.

आणि हो, बऱ्याच डिव्हाइसना प्रायमरी-सेकंडरी असे दोन पोर्ट असतात. सेटिंग स्विच्ड (दोन्ही पोर्ट आतून एकाच जाळ्यात) असताना दोन्ही वायरी एकाच स्विचला लावल्यात तर लूप होऊन सगळं नेटवर्क बसतं, तेही नेमकं पाहुणे आल्यावर.

राहिली झूमची बाजू. झूमला मेन मिक्स कधीच देऊ नका, समोरच्याला स्वतःचाच आवाज उशिराने परत ऐकू येतो आणि तो बोलताना अडखळायला लागतो. मिक्सरमध्ये वेगळा ऑक्स (मेनपेक्षा निराळा मिक्स) घ्या, त्यात सगळे माइक ठेवा, झूमचं चॅनल मात्र पूर्ण खाली, तोच ऑक्स डांटेवरून लॅपटॉपला. टेस्ट करताना समोरच्याला आकडे मोजायला सांगा आणि परत काही ऐकू येतंय का ते त्यालाच विचारा, हॉलमध्ये बसून ते कळत नाही.

सगळं लागलं की कंट्रोलरमधून प्रीसेट सेव्ह करा. राउटिंग रिसीव्हर डिव्हाइसमध्येच साठतं, त्यामुळे कंट्रोलर बंद केला तरी चालतो.