नळावरच्या भांडणातून अहिंसेचा सराव

सोलापुरात अहिंसा शिकवायची असेल तर व्याख्यान ठेवू नका. काही दिवसांआड नळाला पाणी येतं आणि गल्लीत जे भांडण पेटतं, तिथून सुरुवात करा. राग आला की उपदेश आठवत नाही, तोंडात बसलेलं वाक्यच बाहेर पडतं. म्हणून दुसरं वाक्य आधी बसवावं लागतं. अमेरिकेत नॅशव्हिलला जेम्स लॉसन यांनी १९५९-६० मध्ये वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडून असाच सराव करून घेतला होता. एकाने शिव्या द्यायच्या, धक्के मारायचे, दुसऱ्याने हात न उचलता बसून राहायचं.

गट आठ-दहा जणांचा, आठवड्यातून एकदा पाऊण तास, सहा आठवडे. वेळ तुम्ही ठरवू नका. विड्या कारखान्यात देऊन बायका घरी कधी येतात, यंत्रमागावरची पाळी कधी सुटते, हे विचारून घ्या. पाण्याचा दिवस टाळाच.

तिघांची तुकडी करा: एक चिडलेला, एक ऐकणारा, एक पाहणारा. तीन मिनिटं झाली की भूमिका बदला. चिडलेल्याने आपल्या भाषेतच भांडावं, तेलुगू, कन्नड, उर्दू, काहीही. शहराच्या तेलुगूबहुल पूर्व भागात हा मुद्दा फार मोलाचा आहे. उसन्या भाषेत खरा राग येत नाही, मग सरावही खोटा होतो.

नेहमीचं वाक्य असं असतं: “तुझं रोजचंच आहे, मुद्दाम घुसतीस!” त्याच्या जागी चार गोष्टी क्रमाने बोलायच्या: काय दिसलं, मला काय होतंय, काय हवंय, विनंती काय. “अक्का, तुमच्या चार घागरी भरल्या, माझी एकबी नाही. पाणी जाईल म्हणून जीव घाबरा झालाय. स्वयंपाकापुरतं तरी पाणी पाहिजे. आता दोन घागरी मला भरू द्या की.” पाहणाऱ्याने ‘नेहमी’, ‘मुद्दाम’, ‘तुमची माणसं’ ऐकलं की बोट वर करायचं.

चूक बहुतेकदा ऐकणाऱ्याकडून होते. तो लगेच खुलासा करतो. आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि “हं, तेच म्हणत होते” असं उत्तर येईपर्यंत आपली बाजू मांडायची नाही. दुसरी चूक, विनंतीच्या नावाखाली हुकूम. “नाही” ऐकून डोकं फिरलं, तर ती विनंती नव्हतीच.

चौथ्या आठवड्यात गल्लीकडे वळा. घागरींचा क्रम पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी ठरवून भिंतीवर लिहा, मराठीत आणि गल्लीत बोलतात त्या भाषेत. बैठकीला फक्त पुढारी बोलावले की क्रम कागदावरच राहतो, कारण पाणी भरणाऱ्या बायकांना विचारलेलंच नसतं. मध्यस्थ दोन असावेत, वेगवेगळ्या समाजांतले, त्या दिवशी स्वतः रांगेत नसलेले.

घरात मारहाण होत असेल तर नवरा-बायकोला या सरावात समोरासमोर बसवू नका. इथे ती जे बोलेल त्याचा मार तिला घरी बसतो. तिला एकटीला भेटा, तिच्या मर्जीने २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे न्या, जिवाला धोका असेल तर ११२ लावा.

सहाव्या आठवड्यानंतर पाण्याच्या तीन पाळ्या जाऊ द्या, मग पुन्हा बसा. भांडण झालं का, एवढंच विचारू नका. कोण गप्प राहून मागे सरकलं आणि कोणाच्या घागरी रिकाम्या राहिल्या, हेही विचारा. क्रम तिथूनच बदलावा लागतो.