कोकणात जुनी ॲम्बॅसडर घेताय? आधी पत्रा तपासा

पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाऱ्याच्या कारखान्यातून ॲम्बॅसडर बाहेर पडणं 2014 मध्ये थांबलं, त्यामुळे आता मिळेल ती गाडी जुनीच असणार. तरी ती घ्यावीशी वाटणं मी समजू शकतो. ऐसपैस मागची सीट, मोठी डिकी आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी. चढाला वजन मागे सरकतं आणि ओढणारी चाकं रस्ता धरून ठेवतात.

मात्र किनारपट्टीवर गाडी बघायची पद्धत वेगळी असते. घाटमाथ्यावरचा गिऱ्हाईक आधी बॉनेट उघडतो. तुम्ही मॅट उचला. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. दारांखालचा फूटबोर्ड, तळ आणि त्यांना जोडलेले पत्र्याचे पोकळ खांब हाच तिचा सांगाडा. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस नेमका तिथेच मुरतो. इंजिन पुन्हा बांधता येतं, पण कुजलेला सांगाडा नीट करणारा कारागीर शोधूनही सापडत नाही.

गाडी दिवसाउजेडी बघा. नुकताच रंग मारलेला असेल तर दुप्पट सावध राहा. साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फूटबोर्डवरून, चाकांच्या कमानींवरून आणि दारांच्या खालच्या कडेने फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. मग मॅट काढून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. डिकीतली स्टेपनी काढून कोपरे बघा. गाडीतून मासळीची ने-आण झाली असेल तर बर्फाचं खारट पाणी तिथेच साचलेलं असतं. खालून ताजं काळं कोटिंग दिसलं तर एका कोपऱ्यात खरवडून बघायची परवानगी मागा. मालक नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

आता जॅक लावा. जॅक चढताना पत्रा कुरकुरला किंवा आत दबला, तर बोलणी तिथेच थांबवा. गाडी उचललेली असताना त्या बाजूची दोन्ही दारं उघडून लावून बघा. दार अडकलं किंवा फट तिरकी झाली, म्हणजे सांगाडा वाकतोय. मागचे कमानपाटे बॉडीला जिथे धरले आहेत ती जागा टॉर्चने न्याहाळा, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. खाली स्टँड हवेतच.

इथे पास झाली, तरच पुढचं. गाडी स्टँडवर असताना हँडब्रेक ओढून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, हाताने पिळा. त्याच्या टोकाच्या सांध्यात, म्हणजे क्रॉसमध्ये, ढिलाई असेल तर ती हाताला कळते. चालवताना गाडी पूर्ण थांबवून पहिल्यातून रिव्हर्समध्ये टाका आणि मोठा खट् आवाज येतो का ऐका. मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबून सोडा. मागून येणारी गुणगुण दाबताना एक आणि सोडताना दुसरी असेल तर क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकं, झिजलेत. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ दिसले, तर सील गेलेत आणि ब्रेकचे लायनर तेलात भिजलेत.

ब्रेकची परीक्षा उतारावरच घ्या, परशुराम घाट किंवा तुमच्या जवळचा कुठलाही घाट चालेल. जुन्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम असतात, नंतरच्यांना पुढे डिस्क. पर्याय असेल तर डिस्कवाली घ्या. ड्रममध्ये पाणी शिरलं की ब्रेक काही वेळ धरत नाहीत, आणि आपल्याकडे पाणी कुठेही आडवं येतं. जांभ्याच्या ओल्या चिखलात रिकाम्या गाडीचं शेपूट सरकतं, म्हणून मागचे टायर गुळगुळीत असतील तर नवे घ्यायचेच असं धरून चाला.

इंजिनाबद्दल थोडक्यात: 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन साधं आहे, पण घाटात दमतं. त्या मानाने पाच गिअरचं 1.8 लिटर इसुझू इंजिन चढाला बरं. इंजिन थंड असतानाच स्वतः चालू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चाकरमान्यांच्या घरी वर्षभर उभ्या असलेल्या गाडीत टाकी गंजलेली, ब्रेक जाम आणि वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असू शकतं.

शेवटी कागद. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं, पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण होतं. आरसीची मुदत, कर्जाचा बोजा आणि गाडीवरचा चेसिस नंबर ताडून बघा. नूतनीकरण राहिलं असेल तर ते मालकाकडूनच करून घ्या, आणि पत्र्याच्या कामाचा अंदाज गॅरेजवाल्याकडून लिहून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.