कुत्र्याला जर्मनीला न्यायचंय? तिकिटाआधी चिप

जर्मनीत नोकरी लागली की माणसं आधी व्हिसाच्या मागे लागतात, मग घर शोधतात आणि निघायला महिना उरला की विचारतात, "आमच्या कुत्र्याचं काय?" तोवर उशीर झालेला असतो. सगळं सुरळीत पार पडलं तरी भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायला चार महिने लागतात. जास्त पैसे मोजून त्यातला एक दिवसही कमी होत नाही. जीव लावून वाढवलेली कुत्री मागे राहतात ती बहुतेक वेळा एवढ्याच कारणाने. त्यामुळे मुलाखती सुरू झाल्या की त्याच आठवड्यात या कामाला हात घाला. जाणं रद्द झालं तरी चिप आणि लस इथेही उपयोगाचीच आहे.

त्याआधी एक गोष्ट तपासा. पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर या जाती, तसेच त्यांच्या संकरातून झालेली कुत्री जर्मनीत आणायला बंदी आहे. काही राज्यांची स्वतःची यादी आणखी लांब असते. आपल्या गावठी कुत्र्यांना मात्र अशी कुठलीही आडकाठी नाही.

आधी चिप, मगच लस

सगळ्या प्रक्रियेचा कणा हा क्रम आहे. मानेजवळ कातडीखाली बसवायची मायक्रोचिप आयएसओ मानकाची, १५ अंकी हवी. चिप बसवल्यानंतर (त्याच दिवशीही चालते) रेबीजची लस द्यायची. चिपच्या आधी दिलेली लस तिथे धरतच नाहीत, मग ती दर वर्षी नेमाने दिलेली का असेना. लसीच्या वेळी पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं.

डॉक्टर चिप बसवतील तेव्हा शेजारी उभे राहा. बसवल्यावर स्कॅनर फिरवून आकडा वाचायला सांगा आणि तो लसीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या आकड्याशी एकेक अंक ताडून पाहा. लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हे सगळं त्याच पानावर यायला हवं. पुढचा प्रत्येक कागद या पानावरून तयार होतो. इथे ३ चा ८ झाला तर तो फ्रँकफर्टला सापडतो.

रक्ताची चाचणी

रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाच्या सुरक्षित देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे लसीने शरीरात खरोखर पुरेशी प्रतिकारशक्ती तयार झाली आहे हे सिद्ध करावं लागतं. लस दिल्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, त्यातला सीरम वेगळा करून थंड ठेवून युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. निकाल प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त यायला हवा. कमी आला तर पुन्हा लस, पुन्हा रक्त. नमुन्याच्या अर्जावर चिपचा आकडा लिहिलाय ना, तेही पाहा.

रक्त काढल्याच्या तारखेपासून (निकालाच्या नव्हे) पूर्ण तीन महिने थांबायचं. लसीच्या आधीच कुत्र्याला संसर्ग झाला असेल, तर तो या मुदतीत उघड व्हावा हा त्यामागचा विचार. म्हणजे १२ आठवडे, ३० दिवस आणि तीन महिने धरले तर जवळजवळ सात महिन्यांचं झाल्याशिवाय पिल्लू जाऊ शकत नाही.

मधल्या काळात लसीची मुदत संपू देऊ नका. बूस्टर एक दिवस जरी चुकला तरी पुढची लस पहिली धरली जाते आणि चाचणीसकट सगळं पुन्हा करावं लागतं.

पिंजरा आणि विमान

थांबण्याचे तीन महिने पिंजऱ्यासाठी वापरा. विमान कंपन्या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या नियमांप्रमाणे पिंजरा मागतात. मोजमाप असं: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग, ही पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. उभा राहिल्यावर डोकं किंवा कान, जे जास्त वर असेल तिथपर्यंतची उंची, अधिक अंथरुणाची जाडी, ही उंची. समजा कुत्रा ७० सेंटीमीटर लांब आहे, कोपर ३० वर, खांदे २२ रुंद आणि कानापर्यंत ६०, तर पिंजरा आतून किमान ८५ लांब, ४४ रुंद आणि ६० हून थोडा जास्त उंच लागेल.

पिंजरा पहिल्या दिवसापासून घरात ठेवा, दार उघडं. जेवण त्यातच द्या, तुमचा वापरलेला टी-शर्ट त्यात अंथरा. आठवड्याभराने दार मिनिटभर लावा, मग हळूहळू वेळ वाढवा. स्वतःहून आत जाऊन झोपणारा कुत्रा विमानात फार कमी घाबरतो. गुंगीचं औषध मात्र देऊ नका. उंचीवर रक्तदाब आणि श्वासावर त्याचा परिणाम होऊ शकतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना कित्येक कंपन्या विमानाच्या पोटात घेतच नाहीत, तेव्हा आधी विचारा.

थेट विमान घ्या. मुंबईहून फ्रँकफर्टला ते मिळतं. चार पैसे जास्त गेले तरी मधल्या विमानतळावरची उन्हातली चढउतार वाचते. शिवाय एक कागदी कारणही आहे. आरोग्य प्रमाणपत्र इंग्रजीसोबत त्या देशाच्या भाषेत लागतं, जिथून तुम्ही युरोपीय संघात पहिलं पाऊल टाकता. ॲमस्टरडॅममार्गे गेलात तर जर्मन नव्हे, डच नमुना लागेल.

शेवटचे दहा दिवस

हे प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यच देतो. आपल्याकडे त्यासाठी केंद्र सरकारचं प्राणी संगरोध व प्रमाणन सेवेचं, म्हणजे एक्यूसीएसचं कार्यालय मुंबईत आहे. दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबादलाही आहे. युरोपात पोचेपर्यंत ते दहाच दिवस चालतं, म्हणून तिकिटाची तारीख पक्की करून भेट ठरवा. सोबत मूळ लसपुस्तिका, चाचणीचा अहवाल, पासपोर्ट आणि कुत्रा विक्रीसाठी नेत नसल्याचं लेखी निवेदन ठेवा. तुम्ही आणि कुत्रा पाच दिवसांच्या फरकाने प्रवास करू शकता, त्याहून जास्त अंतर पडता कामा नये.

उड्डाणाच्या चार-पाच तास आधी हलकं जेवण द्या, निघण्यापूर्वी भरपूर फिरवा. पाण्याची वाटी पिंजऱ्याच्या दारावर अडकवून त्यात बर्फ गोठवून ठेवा, म्हणजे चढवताना सांडत नाही.

उतरल्यावर

सामान घेऊन सरळ बाहेर पडू नका. कुत्र्याची नोंद कस्टम्सकडे लाल मार्गाने जाऊन करायची असते. तिथे चिप वाचून कागद तपासतात. कागद अपुरे निघाले तर कुत्रा तुमच्या खर्चाने विलगीकरणात जातो किंवा परत पाठवला जातो, आणि दुसरा मार्गच उरला नाही तर त्याला मारण्याचीही तरतूद नियमात आहे. तारखांबद्दल इतकं काटेकोर राहायचं ते यासाठी.

घरमालकाची लेखी संमती भारतातूनच मिळवून ठेवा. पोचल्यावर पालिकेत कुत्र्याची नोंद करून वार्षिक कर भरावा लागतो. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला तो १२० युरो आहे. बर्लिन, हॅम्बुर्गसारख्या राज्यांत कुत्र्याने कुणाचं नुकसान केल्यास भरपाई देणारा विमाही सक्तीचा आहे.

मग जवळच्या पशुवैद्याकडून युरोपीय संघाचा पाळीव प्राण्यांचा पासपोर्ट काढून घ्या आणि त्यात भारतातल्या रक्तचाचणीची नोंद करून मागा. ती नोंद असेल आणि बूस्टर वेळेवर चालू असतील, तर सुट्टीत कुत्र्याला घेऊन पुण्याला येऊन गेलात तरी परतताना तीन महिने थांबावं लागत नाही.