बीबीएसवर अक्षरं गळतात? आधी पोर्टची चिप बघा

जुन्या ४८६ पीसीवर बीबीएस (फोनलाइनवरून मोडेमने जोडायचा बुलेटिन बोर्ड) चालवताना डाउनलोडमध्ये सारख्या सीआरसी चुका (आलेला डेटा तपासणीत न जुळणं) येतात आणि आपण उगाच मोडेमला शिव्या घालत बसतो.

१. विंडोजमधून नको, साध्या डॉसमधून एमएसडी (मायक्रोसॉफ्टचा हार्डवेअर तपासणारा प्रोग्राम) चालवा. कॉम (सिरियल) पोर्टच्या यादीत यूएआरटी चिपचं, म्हणजे पोर्टवरची अक्षरं घेणाऱ्या-पाठवणाऱ्या चिपचं, नाव दिसेल.

२. ८२५० किंवा १६४५० असेल, तर तिच्यात आलेल्या एकाच अक्षराला जागा असते. म्हणून फॉसिल ड्रायव्हरमध्ये (बीबीएस आणि पोर्ट यांच्यामधला प्रोग्राम) वेग ९६०० बिट/सेकंदवर लॉक करा.

३. १६५५०ए असेल, तर १६ अक्षरांचा फिफो (आलेली अक्षरं रांगेत थांबवायची जागा) मिळतो. ३८४०० ला हरकत नाही. आरटीएस/सीटीएस (‘थांब’, ‘पाठव’ सांगणाऱ्या तारा) मात्र मोडेम आणि ड्रायव्हर, दोन्हीकडे चालू हवं.

पोर्टचं कार्डच बदलणार असाल तर सांभाळा: कॉम १ आणि कॉम ३ सहसा एकच आयआरक्यू ४ (प्रोसेसरचं लक्ष वेधायची लाइन) वापरतात. माउस एकावर, मोडेम दुसऱ्यावर लावलात की दोघंही रुसतात.